एका नावातले दोघे: होनाजी बाळा, सोलापूरचा राम जोशी आणि शाहिरी जोड्यांची गोष्ट

१/
‘होनाजी बाळा’ हे एका माणसाचे नाव आहे, असा अनेकांचा समज असतो. होनाजी हे नाव आणि बाळा हे वडिलांचे नाव किंवा आडनाव, अशी मनातल्या मनात फोड केली जाते. प्रत्यक्षात ही दोन माणसे होती: होनाजी शिलारखाने आणि बाळा करंजकर. पेशवाईच्या उत्तरकाळात पुण्यात या दोघांचा फड गाजत होता. होनाजीने कवन रचावे आणि बाळाने ते गावे, अशी त्यांची विभागणी परंपरेने सांगितली जाते.

२/
दोन माणसांनी मिळून एवढे दीर्घ नाव कमवावे आणि पुढे त्यांची बेरीज एकच व्हावी, ही मोठी विलक्षण गोष्ट आहे. या धाग्यात त्या जोडीची ओळख आहे आणि तिच्या निमित्ताने एक प्रश्नही आहे. शाहिरी कवन उभे राहायला किमान दोघे लागतात, मग इतिहासात बहुतेकदा एकाचेच नाव का उरते? या प्रश्नाची एक बाजू पुण्यात सापडते, दुसरी सोलापुरात.

३/
आधी फड म्हणजे काय ते पाहू. पेशवेकालीन तमाशाच्या फडात मुख्य गाणारा, त्याच्या मागे उभे राहणारे सुरत्ये किंवा झीलकरी, ढोलकीवाला, डफ, तुणतुणे, कडे, सोंगाड्या आणि स्त्रीवेषातला नाच्या पोऱ्या एवढा संच असे. कवन रचणारा शाहीर कधी स्वतःच मुख्य गाणारा असे, तर कधी तो रचून देई आणि गळा दुसऱ्याचा असे. फडाची कीर्ती या दोन्ही गोष्टींवर उभी राहायची.

४/
झील ही या कलेतली कळीची गोष्ट आहे. मुख्य गायक ओळ संपवत आणतो, तेव्हा मागचे झीलकरी तिचा शेवटचा भाग उंच सुरात उचलतात आणि लांबवतात. ऐकणाऱ्याला ती केवळ साथ वाटते. गाणाऱ्यासाठी मात्र तेवढा वेळ श्वास घेण्याचा आणि पुढची ओळ आठवण्याचा असतो. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात, उघड्या मैदानात, रात्रभर गायचे तर एकट्या गळ्याने निभणे शक्यच नव्हते.

५/
त्यातच सवाल-जवाबाची चढाओढ असे. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानत, तुरेवाले शिवाला. एका बाजूने कूट टाकायचे आणि दुसऱ्या बाजूने ते तिथल्या तिथे कवनातच सोडवायचे. उत्तर जुळवणारे डोके आणि सभा धरून ठेवणारा आवाज ही दोन कामे एकाच वेळी चालत. ती दोन माणसांत वाटली गेली, तर फडाचे बळ वाढते. जोड्या जमण्यामागे मैत्री होतीच, पण कामाची ही गरजही होती.

६/
आता नाममुद्रा. लावणी किंवा पोवाड्याच्या शेवटच्या कडव्यात शाहीर आपले नाव गुंफतो, कधी गुरूचे, गावाचे किंवा फडाचेही. छापखाना नसलेल्या काळात कवन एका फडातून दुसऱ्या फडात सहज जाई, तेव्हा मालकीची खूण म्हणून एवढेच साधन हाती होते. प्रभाकर शाहिराच्या रचनांत ज्या फडासाठी तो लिहीत असे, त्या गंगू हैबतीचे नाव येते. सगनभाऊचे नाव रामा गोंधळीच्या जोडीने घेतले जाते.

७/
होनाजीच्या कवनांत मुद्रा येते ती ‘होनाजी बाळा’ अशी. रचणाऱ्याने आपल्या नावाला गाणाऱ्याचे नाव कायमचे जोडून टाकले. मध्ये ‘आणि’ नाही, कुणी आधीचा, कुणी नंतरचा असा खुलासा नाही. कवन गाणाऱ्या प्रत्येकाला दोन्ही नावे उच्चारावीच लागतात. एखाद्या कलावंताने आपल्या साथीदाराचा केलेला इतका पक्का सन्मान मराठी वाङ्मयात क्वचित आढळतो.

८/
होनाजीचा काळ साधारणपणे १७५४ ते १८४४ असा दिला जातो. तो गवळी समाजातला. घरात दुधाचा धंदा होता आणि शाहिरीही होती. कवने करण्याची परंपरा आधीच्या पिढ्यांपासून चालत आलेली होती. व्याकरण, न्याय, अलंकार हे ज्या वाटेने पंडित कवींपर्यंत पोहोचत, त्या वाटेवर होनाजी नव्हता. त्याची भाषा चावडी, बाजार, गोठा आणि बैठक यांच्यातून घडलेली आहे.

९/
त्याची सर्वांत प्रसिद्ध रचना म्हणजे ‘घनश्याम सुंदरा’ ही भूपाळी. कृष्णाला जागे करणारे हे गीत नीट ऐकले, तर त्यातली पहाट गवळ्याच्या घरातली आहे हे लक्षात येते. सडासंमार्जन होते, कडेवर घागरी येतात, दिव्यांच्या वाती सारल्या जातात, पक्षी घरटी सोडतात, यात्रेकरू वाटेला लागतात. ज्याच्या धंद्याचा दिवसच उजाडण्यापूर्वी सुरू होतो, त्याने पाहिलेली ही पहाट आहे. गोकुळ हे त्याच्यासाठी केवळ पुराणातले गाव नव्हते.

१०/
या भूपाळीत बाळाही ऐकू येतो. ओळींच्या अखेरीस येणारे मोकळे ‘आ’कार पाहावेत. तिथे स्वर ठेवता येतो, लांबवता येतो, अलगद खाली आणता येतो. शब्द जुळवणाऱ्याला गळ्याची नेमकी जाण असल्याशिवाय अशा जागा सापडत नाहीत. बाळाचे चित्र नाही, त्याच्या आवाजाचे वर्णन करणारी बखर नाही. त्याच्या आवाजाचा साचा मात्र होनाजीच्या ओळींत उरला आहे, असे म्हणता येईल.

११/
एका शृंगारी लावणीकाराची ओळख पुढच्या काळात देवघरातल्या भूपाळीने टिकावी, हेही नोंद घेण्यासारखे. होनाजीने विपुल शृंगारिक लावण्या लिहिल्या. विरह, रुसवा, वाट पाहणे, संसारातली कुरबुर हे त्याचे नेहमीचे विषय. रागदारीच्या अंगाने जाणाऱ्या बैठकीच्या लावणीशीही त्याचे नाव जोडले जाते. ढोलकीच्या फडापेक्षा शांत, शब्द आणि सूर दोन्ही न्याहाळत ऐकायची ही लावणी. दुसऱ्या बाजीरावाचा आश्रय या जोडीला लाभला होता.

१२/
या शाहिरांत स्पर्धा होती आणि एकमेकांबद्दल कौतुकही होते. संगमनेरच्या अनंत फंदीला कवनाचा सागर म्हणून गौरवणारी रचना होनाजीच्याच नावावर सांगितली जाते. समोर उभा राहिला तर ज्याच्याशी सामना करायचा, त्याच्याच ताकदीची जाहीर कबुली कवनातून द्यायची, असा हा उमदेपणा. ब्राह्मण अनंत फंदी, गवळी होनाजी, शिंपी परशराम, मुसलमान शिकलगार सगनभाऊ ही सारी नावे एकाच कलेच्या मैदानात उभी दिसतात.

१३/
आता सोलापूर. याच काळातला राम जोशी (सुमारे १७६२ ते १८१२) हा सोलापूरच्या वेदशास्त्रसंपन्न घराण्यातला. थोरले बंधू मुद्गल जोशी हे नावाजलेले विद्वान. घराचा मार्ग पोथीचा, आणि धाकट्याला नाद लागला तमाशाचा. परंपरा सांगते की सोलापुरातच धोंडी नावाच्या शाहिराचा फड होता. राम त्या फडात रमला आणि धोंडीसाठी लावण्या रचू लागला. म्हणजे इथेही तीच रचना: एकाचे शब्द, दुसऱ्याचा फड.

१४/
घराण्याला हे मानवणारे नव्हते. रामला घराबाहेर पडावे लागले. तो पंढरपूरला गेला, तिथे शास्त्राध्ययन केले आणि कीर्तनकार म्हणून परतला, अशी कथा आहे. बारामतीच्या मोरोपंतांशी (१७२९ ते १७९४) त्याचा स्नेह जडला आणि पंतांच्या आर्या त्याने कीर्तनातून सामान्य श्रोत्यांपर्यंत नेल्या, असेही सांगतात. पंडिती काव्य आणि तमाशा या दोन जगांमध्ये ये-जा करणारा असा माणूस दुसरा शोधूनही सापडत नाही.

१५/
त्या ये-जेची खूण त्याच्या लावणीत जागोजाग दिसते. यमके, अनुप्रास, संस्कृत समास हे सगळे पोथीतले अलंकार त्याने ढोलकीच्या ठेक्यावर नाचवले. संस्कृतमिश्रित लावण्या त्याने रचल्या; मराठीच्या जोडीला कानडी आणि हिंदुस्तानी गुंफणाऱ्या रचनाही त्याच्या नावावर आहेत. सोलापूरच्या बाजारात आजही या भाषा एकमेकींत मिसळून कानावर पडतात. रामची लावणी वाचताना या शहराच्या वाचकाला परकेपणा वाटत नाही, त्याचे एक कारण हे असावे.

१६/
राम जोशीची मुद्रा आहे ‘कविराय’. ती त्याच्या स्वभावाला साजेशी आहे: ठसठशीत, विद्वत्तेचा अभिमान बाळगणारी. त्या मुद्रेत धोंडी नाही. ज्याच्या फडाने रामला पहिले व्यासपीठ दिले आणि ज्याच्या साथीने तो घडला, त्या शाहिराचे नाव आज फक्त रामच्या चरित्रातले एक पात्र म्हणून भेटते. धोंडीचा गळा कसा होता, त्याचे पुढे काय झाले, त्याची स्वतःची कवने कोणती, हे विचारायला जागाच राहिली नाही.

१७/
दोन जोड्या जवळपास एकाच काळातल्या. एकीने नाव वाटून घेतले, दुसरीत ते एकाकडे राहिले. यात रामचा दोष शोधणे योग्य नाही. बहुतेक शाहीर स्वतःचीच मुद्रा घालत आणि ती तत्कालीन रीतच होती. पण या छोट्याशा फरकाचा परिणाम केवढा मोठा झाला! शेवटच्या कडव्यात दोन अक्षरे असणे किंवा नसणे यावर एक माणूस लोकांच्या ओठांवर राहिला आणि दुसरा चरित्राच्या तळटीपेत गेला.

१८/
ज्या जगात हे फड वाढले, ते जग मोडले त्याचे शेवटचे प्रसंग सोलापूरच्याच मुलखात घडले. फेब्रुवारी १८१८मध्ये आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले. मे महिन्यात जनरल मन्रोच्या फौजेने सोलापूरचा किल्ला घेतला. जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाने माल्कमपुढे शरणागती पत्करली आणि वार्षिक ८ लाखांच्या तनख्यावर तो कानपूरजवळच्या बिठूरला गेला. पुण्यातल्या शाहिरांचा सर्वांत मोठा आश्रयदाता एका उन्हाळ्यात नाहीसा झाला.

१९/
राम जोशी त्याआधीच गेला होता. होनाजी मात्र रूढ कालगणनेनुसार पुढे आणखी २६ वर्षे जगला. पेशव्यांचा दरबार संपला तरी कवने संपली नाहीत, कारण ती कधीच केवळ दरबाराची नव्हती. जत्रा, उरूस, लग्नघरे आणि गावोगावचे पार यांनी ती सांभाळली. राज्य गेल्यावर उरलेल्या मोजक्या गोष्टींत या माणसांच्या चाली होत्या.

२०/
मग आला छापखाना. १८९१मध्ये हॅरी आर्बथनॉट अ‍ॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा संग्रह प्रसिद्ध केला. वडाळ्याचे कुष्ठरुग्णालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते हेच अ‍ॅकवर्थ. शाळिग्रामांनी लावण्यांचेही संकलन केले. पुढे य. न. केळकरांचे पोवाड्यांवरचे काम आणि म. वा. धोंडांचे ‘मऱ्हाटी लावणी’ यांनी या वाङ्मयाला अभ्यासाची प्रतिष्ठा दिली. हे ऋण मोठे आहे.

२१/
पण कागदावर शब्द उतरतात, झील उतरत नाही. चाल, ठेका, उचललेला शेवटचा सूर, ओळ संपल्यावर घेतलेला श्वास हे सारे पुस्तकाबाहेर राहते. छापील पानावर कवन आले की वरती ‘कर्ता’ म्हणून एक नाव लागते आणि वाचक त्यालाच संपूर्ण निर्माता समजतो. लावणी वाचायची वस्तू झाली, त्याच क्षणी गाणारा मागे पडला. बाळा करंजकर वाचला तो केवळ कर्त्याच्याच नावात शिरला होता म्हणून.

२२/
विसाव्या शतकात राजकमल कलामंदिराने दोघांवरही चित्रपट काढले. ‘लोकशाहीर राम जोशी’ १९४७चा: दिग्दर्शनात बाबूराव पेंटर, लेखन ग. दि. माडगूळकरांचे, भूमिकांत जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर. ‘अमर भूपाळी’ १९५१चा: दिग्दर्शक व्ही. शांताराम, होनाजीच्या भूमिकेत पंडितराव नगरकर. दोन्हींचे संगीत वसंत देसाई यांचे. ‘अमर भूपाळी’ १९५२च्या कान महोत्सवात पोहोचला आणि त्याच्या ध्वनिमुद्रणाची तिथे वाखाणणी झाली.

२३/
दोन्ही शीर्षकांतला फरक मोठा बोलका आहे. एका चित्रपटाला माणसाचे नाव मिळाले, दुसऱ्याला गाण्याचे. पहिल्यात घर सोडणाऱ्या एका प्रतिभावंताची कथा आहे, म्हणून नायकाचे नाव पुरे होते. दुसऱ्यात जे अमर ठरले ते शब्द आणि सूर मिळून तयार झालेले. पडद्यावर ती भूपाळी पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर यांच्या आवाजात आली. म्हणजे दीडशे वर्षांनीही ती दोघांकडूनच गायली गेली.

२४/
सोलापूर जिल्ह्याने या परंपरेला नंतर आणखी एक गळा दिला. बार्शीत १९१६मध्ये जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल, म्हणजेच शाहीर अमर शेख. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख यांनी १९४४मध्ये लाल बावटा कलापथक उभारले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड अमर शेखांच्या पहाडी आवाजाने गावोगाव नेली. मुंबईपासून तुटण्याच्या भीतीचे दुःख विरहाच्या लावणीत मांडणारे शब्द अण्णाभाऊंचे, आणि मैदान हलवणारा गळा बार्शीचा.

२५/
अण्णाभाऊ आणि अमर शेख दोघेही १९६९च्या पावसाळ्यात एकापाठोपाठ गेले, जुलै आणि ऑगस्टमध्ये. या जोडीत कुणी हरवले नाही. वर्तमानपत्रे होती, छायाचित्रे होती, ज्यांनी दोघांनाही मंचावर पाहिले असे लाखो लोक होते. धोंडीच्या वाट्याला यातले काहीच नव्हते. गुण कमी पडले म्हणून लोक विस्मरणात जातात, असे मानणाऱ्यांनी या दोन जोड्या शेजारी ठेवून पाहाव्यात.

२६/
इतिहास वाचताना याचा उपयोग आहे. पोवाडा, लावणी, ओवी, कीर्तन, भारूड यांपैकी काहीही साधन म्हणून समोर आले, की ‘कोणी लिहिले’ या प्रश्नाबरोबर ‘कोणी गायले, मागे कोण उभे होते, ढोलकी कोणाची होती’ हेही विचारायला हवे. बऱ्याचदा उत्तर मिळणार नाही. तरी प्रश्न विचारल्याने एवढे कळते की समोरचे पान एका माणसाचे नाही, एका फडाचे आहे.

२७/
आणि ज्यांना होनाजी बाळा नव्याने ऐकायचे आहेत, त्यांनी ‘घनश्याम सुंदरा’चा छापील पाठ घेऊन शेवटचे कडवे पाहावे. पुण्यातल्या एका गवळ्याने आपल्या मित्राचे नाव तिथे आपल्या नावाशेजारी लिहून ठेवले आहे. पहाटे ती भूपाळी लावणाऱ्या घरांत ही दोन्ही नावे अजून रोज एका श्वासात घेतली जातात.